पहिली निळी

शिडी लाथेनं उडाली तेव्हा महालिंग कोष्टी चौदा फुटांवर होता आणि त्याच्या दातांत स्क्रूड्रायव्हर होता. पडताना तो दातांतच राहिला म्हणून पुढचे दोन दात गेले. उठायच्या आत कमरेत लोखंडी पाइप बसला, मग दुसरा बरगडीवर. आत काहीतरी कट्‌कन मोडल्याचं त्यानं स्वतःच ऐकलं. मारणारे दोघे होते आणि दोघांनाही त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. हातात पाइप दिला की चालवायचा, एवढंच त्यांना ठाऊक. मग त्यांतला एक शिडी लावून वर चढला आणि त्यानं खांबावरची काळी जाड केबल कोयत्याच्या तीन घावांत तोडली.

सकाळचे दहा वाजले होते. इचलकरंजीतला भरवस्तीचा रस्ता. चहाच्या गाड्यावर सात-आठ माणसं उभी होती आणि त्या सगळ्यांना एकाएकी हातातल्या कपात फार काही दिसायला लागलं होतं. कुणी म्हणून पुढे आलं नाही.

जीपमधून रणधीर भोकरे सावकाश उतरला आणि महालिंगच्या शेजारी उकिडवा बसला.

"लई लागलं का, अण्णा?"

महालिंग रक्त थुंकला. "दाजी, हे बरं न्हवं."

एवढा मार खाऊनही त्याच्या तोंडून 'दाजी'च निघालं. बहिणीचा नवरा तो दाजी. त्यानं बहिणीचं हाड मोडलं तरी दाजीच. कसली ही आपली जीभ, असं वाटून महालिंगला स्वतःचीच शिसारी आली.

"दोनच गोष्टी मागतोय," रणधीर म्हणाला. "मागाची गल्ली माझ्या पेट्यांस्नी मोकळी कर. आन् कला कुठं हाय त्ये सांग. खरं म्हंजे दोन्ही एकच हाय. व्हय का न्हाई?"

महालिंगनं तोंड फिरवलं, आणि ते फिरवणं रणधीरनं नीट बघून घेतलं.

आता हे दोन्ही एकच कसं, ते सांगायला हवं. घरात इंटरनेट यायच्या वाटा दोन. एक तारेची. तार म्हणजे केसाएवढी काच. तिच्यात प्रकाश सोडला की तो आतल्या आत भिंतींवर आपटत पुढे जातो, काच नेईल तिथे पोचतो आणि दुसरीकडे कुठेही जात नाही. ज्या घरात तार शिरते त्या घरात कोण राहतं, कोण जेवलं, कोण रडलं, याचं तारेला काही कळत नाही.

दुसरी वाट हवेची. भिंतीवर हातभर पेटी लावायची, ना खोदकाम, ना खांब, ना महालिंगसारखा शिडी घेऊन येणारा माणूस. पेटी हवेत लहरी सोडते. नव्या पेट्यांच्या लहरी इतक्या आखूड असतात की त्या चहूकडे उधळून चालत नाही, तुमच्या अंगावर नेम धरून सोडाव्या लागतात. नेम धरायचा तर तुम्ही कुठे आहात ते कळायला हवं. माणसाच्या अंगात मुख्य ऐवज पाण्याचा. लहर त्या पाण्यावर आपटून परत येते आणि येताना थोडी बदललेली असते. पेटी तो बदल सेकंदाला काहीशे वेळा मोजते. त्यावरून आधी तिला माणूस कुठे उभा आहे ते कळायला लागलं. मग तो चालतो कसा ते कळलं. मग छाती किती वर-खाली होते तेही, म्हणजे श्वास मोजता यायला लागले.

कंपनीला ही माहिती टाकून देता आली असती. कंपनीनं तिला 'पाखर' असं गोड नाव ठेवून ती विकली. म्हातारं माणूस न्हाणीत पडलं, पेटी मुलाला कळवते. पाळण्यातलं बाळ श्वास घेईना, पेटी आईला उठवते. लोकांना ते आवडलं आणि का आवडू नये? फक्त इथल्या घरांच्या भिंती एकविटेच्या, त्यामुळे शेजारच्या खोलीतलं माणूसही पेटीला दिसत असे. पाच वर्षांत सगळं गाव पेट्यांखाली आलं. गावच्या पेट्यांची एजन्सी रणधीरकडे होती आणि दुरुस्तीसाठी म्हणून दिलेली किल्लीही त्याच्याकडेच. एखादी चाल नोंदीत असली की त्या किल्लीनं ती अख्ख्या गावात शोधायला मिनिटही लागत नाही. असं शोधणं कायद्यानं गुन्हा आहे, असं किल्लीबरोबर आलेल्या कागदावर छापलेलं होतं.

आणि कलावतीची चाल गावात एकच होती. दोन वर्षांपूर्वी ती फोनवर भावाशी बोलताना मोठ्यानं हसली, म्हणून रणधीरनं तिला जिन्यावरून लाथ घातली. डावा खुबा मोडला, जुळला तेव्हा पाय आखूड झाला. तेव्हापासून तिचं डावं पाऊल अर्धा क्षण मागे राहून फरफटत येई. सात महिन्यांपूर्वी तिनं घर सोडलं तेव्हा महालिंगला आधी पुणं सुचलं होतं. पण पुण्यातही पेट्या आणि एजंट एकमेकांना नाही म्हणत नाहीत. म्हणून त्यानं तिला गावातच ठेवलं, मागाच्या गल्लीत, बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडवरच्या खोलीत. शेडचा मालक सुरतेला गेलेला, चावी महालिंगकडे. त्या गल्लीत तेवीस घरं आणि तेवीसही घरांत तार. एकाही घरात पेटी येऊ नये म्हणून त्यानं नाक घासलं होतं. पावसात हवा अडखळते, तार नाही. चार जण एकदम बसले की हवा वाटून घ्यावी लागते, तारेला ज्याचा त्याचा धागा. हे सगळं खरं होतं. खरं कारण मात्र त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

रणधीरच्या पडद्यावर गावाच्या नकाशात सगळीकडे माणसं हलताना दिसायची. त्या एका गल्लीत काळं.

सोमवारी तोडलेली केबल महालिंगनं छातीला उपरणं आवळून संध्याकाळपर्यंत जोडली. चोवीस धागे. प्रत्येकाची साल काढायची, टोक काटकोनात तोडायचं, दोन टोकं यंत्रात समोरासमोर धरायची आणि ठिणगी पाडायची. ठिणगीत काच वितळून एक होते. श्वास घेतला की बरगडी आत टोचायची, म्हणून तो ठिणगीच्या वेळी श्वास धरून ठेवी. मंगळवारी केबल पुन्हा तुटली. बुधवारी पुन्हा. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, त्याला पंखा लावून दिला आणि साक्षीदार आणायला सांगितलं. चहाच्या गाड्यावर जाऊन विचारलं तर त्या सकाळी तिथे कुणीच नव्हतं असं निघालं. रणधीरची जीप तिन्ही दिवस कोपऱ्यावर उभी होती. तो आत बसून नुसता बघायचा.

गल्ली कातावली. कुणाचं घरून चालणारं काम खोळंबलं, कुणाच्या मुलीची परीक्षा हुकली. गुरुवारी दुपारी दोनच्या सुमाराला महालिंगला चौगुले गुरुजींचा फोन आला. शेडला लागून त्यांचं घर, मधली भिंत एकच. चार वर्षांपासून त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली, उशाशी ऑक्सिजनचं यंत्र.

"महालिंगराव, रागावू नका," गुरुजी म्हणाले. "हिच्या यंत्राचे आकडे डॉक्टरांना तिकडे दिसावे लागतात. तीन दिवस धड दिसले नाहीत. काल रात्री ती निळी पडली होती हो. मी आज सकाळी पेटी बसवून घेतली. माझा नाइलाज झाला."

"कुठल्या भितीवर, गुरुजी?"

"शेडच्या बाजूच्या. का?"

महालिंगनं फोन बंद केला. सकाळपासून कला त्या खोलीत स्वयंपाक करत असणार, केर काढत असणार, चालत असणार. त्यानं मोटारसायकल काढली. मोडकी बरगडी घेऊन खड्ड्यांतून गाडी हाणताना त्याला दोनदा भोवळ आली. तिला उचलायचं, मागच्या दारानं काढायचं, कुठेही न्यायचं, पुढचं पुढे बघता येईल.

गल्लीच्या तोंडाशी, भिंतीवर छातीएवढ्या उंचीला तारांची डबी होती. तिचं झाकण लोंबत होतं. आतल्या चोवीस धाग्यांतला एक बाहेर ओढलेला होता आणि त्याला तांबड्या उजेडाचं पेन जोडून ठेवलं होतं. लाइनमन लोक तुटलेली जागा शोधायला ते वापरतात. एका टोकाला तांबडा उजेड सोडला की तार जिथे वाकते तिथे तो झिरपतो, आणि दुसऱ्या टोकाला जाऊन लखलखतो. धागा निळा होता.

महालिंगनं वर बघितलं. वळचणीखालून, गच्च्यांच्या कडेनं, जिथे जिथे तार वळली होती तिथे तांबडा ठिपका होता. शेवटचा ठिपका शेडच्या जिन्यावर होता.

तो जिना कसा चढला ते त्याला पुढे कधीच आठवलं नाही.

खोलीत कला गुडघ्यांवर होती. भिंतीवरची तार उपटून रणधीरनं तिच्या गळ्याभोवती दोन वेढे घातले होते आणि पाठीत गुडघा रोवून तो मागे ओढत होता. घरात येणाऱ्या तारेत ताण सोसायला पोलादाची बारीक तार असते, ती तुटत नाही. कलाचा चेहरा काळानिळा झाला होता. तिच्या गालापाशी तारेचं टोक तांबडं पेटलेलं होतं.

"ये अण्णा," रणधीर म्हणाला. तो हसतच होता. "पेटीनं घावली असं वाटलं असंल तुला. पेटीबिटी न्हाई. त्या मास्तरनं लावली त्ये मला आत्ता हितं आल्यावर कळलं. तू शिकिवलंस मला त्येच कामाला आलं."

दहा वर्षांपूर्वी रणधीर महालिंगच्या हाताखाली लाइनमन होता. घरी जेवायला येई, तिथूनच सोयरीक जमली. महालिंगनंच त्याला शिकवलं होतं, आणि महालिंगला त्याच्या उस्तादानं: कुठल्याही डबीतला पहिला निळा धागा आपल्या घरचा. तुटलं की आधी निळा जोडायचा आणि घरी फोन करून विचारायचं, उजेड आला का. आला तर केबल धड, पुढचे जोडत जायचं. आपलं घर त्या गल्लीत नसेल तर निळा रिकामा सोडायचा.

"त्या गल्लीत तुझं घर न्हाई," रणधीर म्हणाला. "आन् तिन्ही दिवस तू आधी निळी जोडलीस, लांब जाऊन फोन केलास. अण्णा, केबल मी गल्लीला तरास द्याय न्हाई तोडली. तू आधी कुठली जोडतोस त्ये बघाय तोडली."

सात महिन्यांपूर्वी कलाला लाइन देताना महालिंगनं क्षणभरही विचार केला नव्हता. घरचं माणूस म्हटल्यावर हात आपोआप निळ्याकडे गेला होता.

तो रणधीरवर धावून गेला. धडक बसली, तारेचे वेढे सुटले आणि तिघेही एकमेकांत अडकून खाली आले. मग रणधीरनं त्याला पाठीवर लोळवलं आणि मोडक्या बरगडीवर गुडघा टेकून बसला. महालिंगला ओरडता येईना, कारण ओरडायला लागणारी हवाच आत जात नव्हती. एक ठोसा नाकावर आला. दुसऱ्यानं डोळा मिटला. तिसऱ्याला त्याचं डोकं फरशीवर आपटलं आणि रणधीरचे दोन्ही अंगठे त्याच्या गळ्यात रुतले.

खोलीच्या कोपऱ्यात जुन्या मागांचे धोटे पडले होते. धोटा म्हणजे वीतभर-दीडवीत लाकूड, दोन्ही टोकांना पोलादी अणी. मागावर तो मिनिटाला दोनशे वेळा इकडून तिकडे जायचा आणि निसटून लागला तर माणूस मरायचा. कोष्ट्याच्या घरातल्या कलाला हे कुणी सांगायला नको होतं. तिनं धोटा दोन्ही हातांत धरला आणि रणधीरच्या कानामागे घातला. अणी आत गेली. ती उपटताना तिला पाय लावून जोर करावा लागला.

रणधीर कुशीवर पडला. एक पाय दोनदा झाडला आणि थांबला. रक्त फरशीच्या उतारानं चुलीकडे निघालं. कलानं धोटा पुन्हा वर उचलला होता, महालिंगनं तिचं मनगट धरलं.

"सोड," ती घोगरी ओरडली. "सोड मला, आणखी एक घालू दे."

"थांब. जित्ता हाय त्यो."

घर्र, घर्र, असा श्वास चालू होता. महालिंग भिंतीकडे बघत राहिला. पलीकडे गुरुजींची पेटी होती. आतापर्यंत तिला काय दिसलं असेल? तीन अंगं एका जागी, नुसता गुंता. कुणाचा हात कुठे गेला ते भिंतीआडून तिला कळत नाही. तेवढं त्याला पक्कं ठाऊक होतं, पेट्यांविरुद्ध घरोघर बोलायचं म्हणून त्यानं त्यांचं सगळं वाचून काढलं होतं. पण आता गुंता सुटला होता. आता एक अंग आडवं आणि दोन उभी. आडव्याचा श्वास ती मोजत असणार.

अँब्युलन्स बोलावली तर तो जगला असता. सहा महिने, वर्षभर आत बसून पुन्हा बाहेर आला असता. महालिंगला हे इतकं स्वच्छ दिसलं की त्याला स्वतःचीच भीती वाटली. याच माणसाला त्यानं हात धरून काच तोडायला शिकवलं होतं. पहिला जोड नीट बसला तेव्हा पेढे वाटले होते. वाईट वाटायला हवं होतं आणि वाटत नव्हतं.

तो दारापाशी जाऊन उभा राहिला. "कला, धोटा ठेव. दाराकडं चालत ये."

"कशाला?"

"ये म्हणतोय न्हवं."

ती आली, पाऊल फरफटत. तो तिच्या आडवा उभा राहिला. "आता माघारी जा. त्याच्याजवळ बस. नाडी बघतीयास असं वाक. ऊठ. परत ये."

दुसऱ्यांदा ती डावीकडून आली, तो डावीकडे सरला. उजवीकडून आली, उजवीकडे. तेव्हा तिच्या ध्यानात आलं आणि तिनं दोन्ही मुठी त्याच्या छातीवर आपटल्या. बरगडीतून कळ डोक्यात गेली.

"मी न्हाई असलं करणार. मी मारलंय त्याला. मला जायाचंच न्हाई भाईर!"

"ऐक. भितीपलीकडं पेटी हाय," महालिंग म्हणाला. "तिला तोंड दिसत न्हाई, बोलणं ऐकू येत न्हाई. दोघांतली लंगडती ती तू, एवढंच कळतंय. तू मदतीला निघालीस आन् म्या अडिवलं, एवढं तिला दिसू दे. मारलं कुणी त्ये म्या सांगतो. तुझं आयुष्य त्यानं खाल्लंय, आता त्याच्यापायी तुरुंगात जाऊन उरलेलंबी घालवू नको. चाल, माझी बाय."

ती रडत रडत चालली. दारापर्यंत, पुन्हा मागे, पुन्हा दारापर्यंत. श्वास लांबत गेले. एक झाला की दुसरा येतो की नाही असं वाटे आणि मग तो येई. महालिंग ते मोजत होता. पलीकडे गुरुजींच्या बायकोचं यंत्र एका तालात सुस्कारत होतं, ते भिंतीतून ऐकू येत होतं. शेवटच्या श्वासानंतर त्यानं तीनशे आकडे मोजले. मग दार उघडलं, खाली जाऊन गुरुजींच्या ओट्यावर बसला आणि त्यांना पोलिसांना फोन करायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात फौजदारबाईंनी पेटीची नोंद वाचून दाखवली. कला शेजारच्या खुर्चीवर बसली होती, गळ्यावर तारेचे दोन वण.

"दोन बावीसला झटापट थांबली. दोन एक्केचाळीसपर्यंत जमिनीवरच्या माणसाचा श्वास चालू होता. एकोणीस मिनिटं. या वेळात कलावती भोकरे अकरा वेळा दाराकडे गेल्या, चार वेळा जखमीपाशी बसल्या. दुसरी व्यक्ती अकराही वेळा दारात आडवी आली." त्यांनी कागद खाली ठेवला. "माणूस मरत होता. तुमची बहीण मदतीला धावत होती आणि तुम्ही तिला अडवून ठेवलंत. हे मान्य आहे?"

"मान्य हाय."

"धोटा कुणी मारला?"

"म्या."

"खोटं हाय त्ये!" कला उठून उभी राहिली. "सगळं खोटं हाय! धोटा म्या घातला. मला दुसराबी घालायचा होता. ह्योच मला चाल म्हणाला, दाराकडं ये म्हणाला, माघारी जा म्हणाला. अकरा वेळा चालीवलं मला! विचारा की त्याला!"

फौजदारबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. त्यांचा आवाज खरोखरच मायाळू झाला होता. "बसा ताई. सख्खा भाऊ आहे, जीव तुटणारच. तुमच्या जागी मी असते तर मीही असंच बोलले असते. पण पेटी काही तुमच्या नात्यातली नाही."

कला महालिंगकडे बघत राहिली. त्यानं मान खाली घातली. आपल्या सुजल्या डोळ्यात तिला काही दिसेल आणि ती पुन्हा बोलायला लागेल, अशी त्याला धास्ती होती.

"तिला घरी सोडा, मॅडम," तो म्हणाला. "माझ्या बायकोकडं."

महिला पोलीस तिला धरून बाहेर घेऊन गेली. पायऱ्यांवरून फरफटत गेलेलं पाऊल महालिंगला कोठडीपर्यंत ऐकू आलं. गाडी नको म्हणाली, चालतच जाते म्हणाली, असं नंतर शिपायानं सांगितलं. ठाण्यापासून घर दीड मैल. महालिंग भिंतीला टेकून बसला आणि मनातल्या मनात तिच्याबरोबर चालत राहिला. आता चहाचा गाडा आला असेल, आता पेट्रोल पंप, आता भाजी बाजार. दोन्ही बाजूंना घरं आणि प्रत्येक घरात पेटी. सात महिन्यांनी कला भरदिवसा रस्त्यानं चालली होती, आणि आज तिला कुणीही बघितलं तरी चालणार होतं.